छळाच्या लग्नातून सुटकेची थरारकथा: जुन्या मैत्रिणीचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. तुमच्या कादंबरीची नायिका नऊ वर्षांच्या छळाच्या संसारातून बाहेर पडायचं ठरवते. कॉलेजातल्या एका मैत्रिणीशी तिचं पाच वर्षं बोलणं नाही; तिला ती निरोप पाठवते. मैत्रीण लगेच धावून येते, दोघी बेत आखतात, आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात कळतं की मैत्रीण पहिल्यापासून नवऱ्याला सामील होती. मसुदा चौघांनी वाचला. दोघांनी विचारलं, "ती आधीच का नाही निघून गेली?" उरलेल्या दोघांना मैत्रीण पहिल्याच प्रवेशात खटकली. म्हणून तुम्ही विचारता आहात की मारहाणीचे प्रसंग वाढवावेत का, आणि संशय येऊ नये म्हणून मैत्रीण आणखी प्रेमळ करावी का.

दोन्ही नको. मारहाण वाढवलीत तर पहिली तक्रार वाढेल आणि मैत्रीण गोड केलीत तर दुसरी. मी थरारकथांची हस्तलिखितं संपादित करते आणि हे कथाबीज माझ्याकडे वारंवार येतं. अशी हस्तलिखितं छळातून बाहेर पडणाऱ्या बायकांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांना दाखवायची पद्धत मी ठेवली आहे, त्यामुळे पुढे जे लिहिते त्यात त्यांच्याकडून शिकलेलंही पुष्कळ आहे. तुमचा मसुदा मी वाचलेला नाही. निवेदन नायिकेच्या तोंडून आहे का, जोडप्याला मूल आहे का, घरातला पैसा कुणाच्या नावावर आहे, यावर बरंच अवलंबून असतं. जिथे तसं आहे तिथे सांगत जाईन.

मला वाटतं, दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. वाचकाला दार दिसतं, पण दारात काय उभं आहे ते दिसत नाही, म्हणून तो विचारतो, "का नाही गेली?" आणि मैत्रिणीची मदत फुकटात येते, म्हणून तिचा संशय येतो. जाण्याची किंमत नायिकेला काय पडते आणि मदतीची किंमत मैत्रिणीला काय पडते, हे दोन्ही हिशेब मसुद्यात लिहिलेले नसावेत. ते लिहिलेत तर या कथेचा ताण आपोआप उभा राहतो. एरवी तो गुप्तहेरकथेतून उसना आणावा लागतो, आणि तुमचा शेवट मला तसाच उसना वाटतो.

आधी नवरा. मारहाणीच्या प्रसंगाने वाचकाला राग येतो, आणि रागावलेला वाचक अधीर होतो. पाचव्या थपडेनंतर तो नायिकेवरच चिडायला लागतो. उलट, नियम दाखवलेत की वाचक तिच्यासोबत अडकतो. इव्हान स्टार्क या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने २००७ साली हीच मांडणी सविस्तर केली: असा छळ म्हणजे सुट्या मारहाणींची बेरीज नव्हे, तो माणसाच्या स्वातंत्र्यावरचा सततचा ताबा आहे. पैसा, वेळ, कपडे, झोप, कुणाशी किती बोलायचं, सगळ्यावर ताबा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असं नियंत्रण हाच स्वतंत्र गुन्हा ठरला, पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा. त्यासाठी मारहाण सिद्ध व्हावी लागत नाही. लेखकाच्या दृष्टीने याचा उपयोग एवढाच की प्रसंगाच्या केंद्रस्थानी थप्पड न ठेवता नियम ठेवायचा.

उदाहरण देते. नवरा रोज रात्री गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर पाहतो. कधी काही बोलत नाही, फक्त पाहतो. एके दिवशी नेहमीचा रस्ता बंद असतो आणि नायिकेला वळसा घालून यावं लागतं. चार किलोमीटर जास्त. संपूर्ण प्रकरण या चार किलोमीटरचं आहे: सांगावं की सांगू नये, आधीच सांगितलं तर सफाई दिल्यासारखं होईल का, नाही सांगितलं तर लपवल्यासारखं होईल का, रस्ता बंद असल्याचा फोटो काढून ठेवायला हवा होता का, आणि फोटो काढला असता तर "फोटो का काढलास?" याचं काय उत्तर होतं. रात्री तो येतो, मीटर बघतो, हसतो आणि म्हणतो, "आज वळसा पडला ना तुला? दमली असशील." बस. कुणी कुणाला हात लावलेला नाही. पण असं प्रकरण वाचून झाल्यावर "का नाही गेली?" असं विचारणारा वाचक मला अजून भेटलेला नाही, कारण ती कुठवर जाऊ शकते हे त्याने मोजलेलं असतं. (हा प्रसंग आवडला तर खुशाल घ्या.)

एक पथ्य मात्र पाळा. नियम बदलत राहिले पाहिजेत. ठरलेला नियम माणूस पाळू शकतो आणि पाळून सुरक्षितही राहू शकतो. गेल्या आठवड्यात चालत होतं ते या आठवड्यात चालत नाही, आणि बदल झालाय हे चूक झाल्यावरच कळतं, तेव्हा ती दिवसभर त्याच्या डोक्यात राहू लागते. त्याला काय वाटेल याचा अंदाज बांधणं हेच तिचं मुख्य काम होऊन बसतं. वाचकालाही तो अंदाज बांधायला लावा आणि दर दुसऱ्या वेळी चुकवा.

आता नवऱ्याचा चांगुलपणा. बहुतेक मसुद्यांत तो मुखवटा म्हणून येतो: बाहेर सज्जन, घरात राक्षस. त्याने काही साधत नाही. डॉनल्ड डटन आणि सुझन पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली आघातातून तयार होणाऱ्या बंधाची कल्पना मांडली. त्यात दोन गोष्टी लागतात: सत्ता एकाच्याच हातात असणं, आणि वाईट वागणुकीच्या मध्ये अधूनमधून, बेभरवशाची, खरीखुरी माया मिळणं. ती माया खोटी असती तर बंध इतका घट्ट झालाच नसता. म्हणून एक प्रकरण असं हवं की वाचकालाही हा माणूस आवडेल. तिच्या आजारपणात रात्रभर जागणारा, तिच्या वडिलांशी मायेने बोलणारा, तिला मनापासून हसवणारा. मी लेखकांना एक अभ्यास देते: सुटून सहा महिने झाल्यावर नायिकेला त्याची कुठली एक गोष्ट आठवून रडू येईल, ते अर्ध्या पानात लिहा. ज्यांना हे अर्धं पान जमत नाही त्यांचा नवरा पुठ्ठ्याचा असतो.

इथेच निवेदनाचा प्रश्न येतो, कारण तुमची कथा मानसशास्त्रीय म्हणवते. नायिका प्रथमपुरुषी निवेदक असेल तर "तिच्यावर विश्वास ठेवावा का?" हा खेळ खेळायचा मोह होतो. खेळा, पण कुठे ते नीट ठरवून. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या 'गॅस लाइट' या नाटकात नवरा बायकोला वेडी ठरवत असतो. ज्या नाटकावरून या प्रकाराला आज 'गॅसलायटिंग' हे नाव पडलंय तेच. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की बायकोला दिवे मंद झालेले दिसतात आणि ते खरोखरच मंद झालेले असतात. नवरा वरच्या मजल्यावर गुपचूप गॅसचे दिवे लावून शोधाशोध करतो, म्हणून खालच्या दिव्यांना मिळणाऱ्या गॅसचा दाब कमी होतो. तिचं निरीक्षण अचूक आहे. हिरावून घेतलाय तो त्यातून निष्कर्ष काढायचा हक्क. तुमच्या नायिकेचंही असंच असू द्या. तिचे डोळे कधीही चुकू देऊ नका, तिने लावलेला अर्थ चुकू द्या. "मीच विसरले असेन" असं ती म्हणते, पण किल्ली कुठे ठेवली होती ते वाचकाने दहा पानं आधी वाचलेलं आहे. असं केलंत तर वाचकाला फसवल्यासारखं वाटत नाही, आणि तो नायिकेच्या बाजूने साक्षीदार होतो. डोळेच खोटे ठरवलेत, म्हणजे तिने पाहिलेलं घडलंच नव्हतं असं शेवटी सांगितलंत, तर तुम्ही नवऱ्याचंच काम पूर्ण केलंत.

आता मैत्रीण. माझ्या मते या कादंबरीचं इंजिन तीच आहे.

पहिला प्रश्न: पाच वर्षं बोलणं नव्हतं, ते का? मसुद्यांत हे एका ओळीत उरकतात: "लग्नानंतर हळूहळू संपर्क तुटला." अशा संसारात संपर्क नुसता तुटत नाही, तो तोडवून घेतला जातो, आणि बहुतेकदा तिच्याच हातून. नवरा सरळ बंदी घालत नाही. मैत्रीण येऊन गेली की दोन दिवस अबोला धरतो. तिच्या एखाद्या वाक्यावर महिनाभर टोमणे मारतो. "ती तुझा मत्सर करते" असं दहा वेळा सांगतो. शेवटी नायिकाच कंटाळून, घरात शांतता हवी म्हणून, मैत्रिणीला दुखावणारा निरोप पाठवते. कदाचित मैत्रिणीला तिची सगळ्यात जास्त गरज होती त्याच आठवड्यात. तो निरोप शब्दशः लिहा. चार ओळींचाच असू द्या, पण वाचकाला लाज वाटेल असा असू द्या. कारण पाच वर्षांनी मदत मागायची म्हणजे आधी या चार ओळी ओलांडून जावं लागणार आहे.

हे एक केलंत की तुमच्या दोन वाचकांचा संशय बराचसा विरतो. मैत्रीण आता दुखावलेली आहे आणि तिचा राग योग्य आहे. ती लगेच धावून येणार नाही. निरोप वाचेल आणि उत्तर देणार नाही. तीन दिवसांनी कोरडं काहीतरी लिहील: "इतक्या वर्षांनी? काय काम होतं?" असं फटकारणाऱ्या माणसाचा वाचकाला संशय येत नाही, संशय येतो विनाकारण गोड बोलणाऱ्याचा. शिवाय ते तीन दिवस नायिकेने त्या घरात काढायचे आहेत, निरोप पाठवलेला फोन उशाशी घेऊन. थरार इथे आयता मिळतो.

दुसरा प्रश्न: जुनीच मैत्रीण का? वकील का नाही, शेजारीण का नाही, बहीण का नाही? याचं उत्तर कथेत सापडलं पाहिजे. जुन्या मैत्रीकडे अशी एक गोष्ट असते जी नवऱ्याच्या ताब्यात कधीच येत नाही: लग्नाआधीची ती. नवऱ्याने नऊ वर्षं खपून नायिकेचं एक चित्र तयार केलंय: वेंधळी, विसराळू, पटकन घाबरणारी. घरात, नातेवाइकांत, त्याच्या मित्रांत सगळे तेच चित्र खरं मानतात, आता तीसुद्धा. एकच माणूस असा आहे ज्याला ती वेगळी आठवते. म्हणून मैत्रीण कथेत येते ती गाडी किंवा पैसे घेऊन येण्याआधी पुरावा घेऊन येते.

आणि थरारकथा लिहिणाऱ्यासाठी त्याहून कामाचं म्हणजे जुन्या मैत्रीची खूण नवऱ्याला वाचता येत नाही. समजा तो तिचे सगळे निरोप वाचतो. ती मैत्रिणीला वाढदिवसाच्या दोन ओळी पाठवते, त्याच्यासमोर, त्याच्या परवानगीने. त्या दोन ओळींत ह्रस्व-दीर्घाच्या तीन चुका आहेत. नवरा वाचतो, चुका दाखवून हसतो आणि "पाठव" म्हणतो. पण ही मुलगी कॉलेजात सगळ्यांच्या वह्यांतलं शुद्धलेखन सुधारत असे, इतकी की मैत्रिणी वैतागायच्या. ज्या वाचकाला हे ठाऊक आहे तो श्वास रोखून धरतो. आता मैत्रिणीला कळेल का? माझा सल्ला, पहिल्यांदा कळू देऊ नका. "आता तिला माझ्यासाठी नीट लिहायलाही वेळ नाही" असं समजून तिला रागच येऊ दे. दोन प्रकरणांनी, दुसरंच काही करताना, तिला ती चूक टोचू लागू दे.

जुन्या ओळखीला एक दुसरी बाजूही आहे, ती मात्र फार कमी लेखक वापरतात. मैत्रिणीला आठवते ती वीस वर्षांची, बेधडक मुलगी, आणि ती त्या मुलीसाठी बेत आखते. "तू सरळ बॅग उचल आणि निघ, तू तर अशी नव्हतीस गं!" हे वाक्य प्रेमाचं आहे, पण नायिकेला त्यात नवऱ्याचा सूर ऐकू येतो: पुन्हा कुणीतरी तिला ती कशी आहे ते सांगतंय. मैत्रीण घाईने, काळजीपोटी, हुकूम सोडू लागते. फोन कधी करायचा, काय नेसायचं, कुणाला काय सांगायचं. सुटकेच्या बेताचेही नियम तयार होतात. मग नायिकेच्या मनात प्रश्न उभा राहतो की ही माया आहे की नवा ताबा, आणि मला आता या दोन्हींतला फरक ओळखता तरी येतो का? मानसशास्त्रीय थरारकथेला याहून भक्कम प्रश्न मला सुचत नाही. इथे वाचकाला मैत्रिणीचा संशय आला तर येऊ द्या, तो संशय तुमच्या कामाचा आहे.

मैत्रिणीचं स्वतःचं काही पणाला लागलेलं हवं, हे वेगळं सांगायला नको. नोकरी, संसार, जुना अपराधीपणा, काहीही. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने नवऱ्याचं काहीतरी पाहिलं होतं आणि ती गप्प बसली, एवढंही पुरेल.

आता तुमची कलाटणी. मैत्रीण पहिल्यापासून नवऱ्याला सामील, याला माझा विरोध आहे आणि कारणं साधी आहेत. तुमच्या कथेत मुख्य माणसं तीन. थरारकथांचा सराव असलेला वाचक मोजणी करतो: नवरा उघड वाईट आहे, नायिका छळलेली आहे, उरली कोण? दुसरं, व्यवहाराचा प्रश्न. पाच वर्षं बोलणं नसलेल्या मैत्रिणीलाच ती निरोप पाठवील हे नवऱ्याला आधी कसं कळलं? याचं समाधान करायला तुम्हाला योगायोग रचावे लागतील, आणि ते दिसतील. तिसरं माझ्या दृष्टीने सर्वांत जड: नवरा नऊ वर्षं तिला सांगत आला की "माझ्याशिवाय तुझं कुणी नाही." तुमची कलाटणी हे वाक्य खरं करून दाखवते. तुम्हाला अशीच काळीकुट्ट कादंबरी लिहायची असेल तर तो तुमचा अधिकार आहे, माझी हरकत नाही. पण ते जाणूनबुजून करा, धक्का द्यायचा म्हणून नको.

विश्वासघात हवाच असेल तर मला दिसणारा मार्ग असा. नायिकेने संपर्क केल्याचा सुगावा लागताच नवरा स्वतः मैत्रिणीला भेटतो. धमकी देत नाही. खचलेला दिसतो, डोळ्यांत पाणी. "तिची तब्येत ठीक नाही. ती माझ्याबद्दल काय काय सांगते मला ठाऊक आहे. मी सहन करतोय, पण तिने स्वतःला काही करून घेतलं तर?" जेनिफर फ्रेड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ महिलेने १९९७ साली हा क्रम टिपून ठेवला: आधी नाकारायचं, मग आरोप करणाऱ्यावर उलटायचं, आणि मग छळलेला कोण व छळणारा कोण याची अदलाबदल करायची. आता मैत्रिणीच्या जागी उभ्या राहा. पाच वर्षांपूर्वीच्या त्या चार ओळी तिच्या मनात आहेतच. ही बाई विचित्र वागू शकते हे तिने स्वतः अनुभवलंय. समोर एक सभ्य, रडवेला माणूस आहे. ती त्याला एकच गोष्ट सांगते, चांगल्या हेतूने: "ती गुरुवारी माझ्याकडे येणार आहे, मी तिला समजावते."

हा विश्वासघात कटाशिवायचा आहे. तो करणाऱ्या मैत्रिणीत वाचकाला स्वतःचाच चेहरा दिसावा, आणि तसा दिसायचा असेल तर नवऱ्याचं बोलणं वाचकालाही दोन पानं पटलं पाहिजे. हे प्रकरण शेवटून दुसरं ठेवू नका, पुस्तकाच्या मध्याच्या जरा पुढे आणा. म्हणजे पुढच्या भागात नायिकेला माहीत आहे की मैत्रिणीने सांगितलं, मैत्रिणीला माहीत आहे की हिला कळलंय, आणि तरी नायिकेकडे दुसरं माणूस नाही. त्याच गाडीत तिला बसावं लागणार आहे. शेवटच्या धक्क्यापेक्षा हा प्रवास वाचकाला जास्त वेळ धरून ठेवतो.

इथवरचं दोन वाक्यांत: नवऱ्याची मारहाण कमी करून नियम वाढवा. मैत्रिणीला जुनी जखम द्या आणि तिची फितुरी कटातून न येता त्या जखमेतून येऊ द्या.

राहिला सुटकेचा बेत. इथे बरेच मसुदे व्यवहारात पडतात. नायिका घराबाहेर पडते आणि तीसेक पानांत कादंबरी संपते. प्रत्यक्षात धोका तिथे वाढतो. जॅकलिन कॅम्पबेल या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिकेने सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या ११ शहरांचा अभ्यास करून २००३ साली जे प्रसिद्ध केलं त्यात असं दिसलं की जोडीदार अतिशय नियंत्रण करणारा असेल आणि एकत्र राहिल्यानंतर जोडपं वेगळं झालं असेल, तर बाईची हत्या होण्याचा धोका नऊ पटींनी वाढतो. ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञ जेन मंक्टन स्मिथ यांनी ३७२ हत्या तपासून २०१९ साली आठ टप्प्यांचा आराखडा मांडला. त्यातही वेगळं होणं किंवा वेगळं होण्याची चाहूल हा कळीचा क्षण आहे. त्यानंतर धमक्या-विनवण्या वाढतात, मग त्याच्या विचारांची दिशा बदलते आणि मग आखणी सुरू होते. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: घराचं दार कादंबरीच्या मध्यावर आणा. उत्तरार्धात विनवण्या करणारा नवरा एके दिवशी गप्प होतो, तेव्हा मैत्रिणीला हायसं वाटू द्या आणि नायिकेला घाम फुटू द्या.

आणखी एक बाब या विषयावर लिहिणाऱ्याला माहीत असलीच पाहिजे. गळा दाबणं. मसुद्यांत ते इतर मारहाणीत मिसळून एका वाक्यात येतं. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, पूर्वी जोडीदाराने गळा दाबलेल्या बाईची पुढे हत्या होण्याची शक्यता सात पटींहून अधिक आढळली. अनेकदा मानेवर खूणही राहत नाही. तुमच्या कथेत हे असेल तर एकदाच असू द्या, त्याला पूर्ण वजन द्या आणि ते ऐकून समुपदेशकाचा चेहरा कसा बदलतो ते दाखवा. नायिका तोवर "तसं फार काही नाही" म्हणत असेल.

याच कॅम्पबेलबाईंची धोका मोजण्याची एक प्रश्नावली आहे, तिची सुरुवात कॅलेंडरने होते. गेल्या वर्षभरात काय काय घडलं ते बाईने स्वतः तारखांवर खुणा करून दाखवायचं. "दोन-तीनदाच झालं" म्हणणारी बाई खुणा करायला लागते. हा प्रसंग मैत्रिणीसमोर घडला तर? पाच वर्षं रागावलेली मैत्रीण समोरच्या कागदावर खुणा वाढताना बघते, आणि त्यांतली एक तारीख तिच्या ओळखीची निघते: त्या चार ओळींच्या निरोपाची. मला हे लिहितानाच काटा आला, तुम्हाला वापरावंसं वाटलं तर बघा.

तंत्रज्ञानाबाबत जपून. २०२१ नंतरच्या काळात कथा घडत असेल तर बॅगेत टाकायचे छोटे ट्रॅकर आलेले आहेत, आणि अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असेल तर आजचे आयफोन आणि अँड्रॉइड फोन सूचना देतात. म्हणजे ट्रॅकर सापडणं हा आता फारसा गूढ प्रसंग राहिलेला नाही. तो सापडल्यावर काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. काढून फेकला तर त्याला कळतं की तिला कळलं. फोनमधलं सगळं एकदम पुसलं तरी तेच. अनुभवी कार्यकर्ते म्हणूनच सांगतात की पाळत आहे असं वाटलं तर जुना फोन नेहमीसारखा चालू ठेवा आणि महत्त्वाचं बोलणं दुसऱ्याच, सुरक्षित फोनवरून करा. कथेत हे सोन्यासारखं आहे: तिला दोन आयुष्यं चालवावी लागतात, एक त्याला दिसण्यासाठी. कागदपत्रं एकेक करून बाहेर पोचवणं, त्यातलं एक नेमकं त्याला हवं होणं, एवढ्यावर दोन प्रकरणं निघतील.

शेवटी ती पुरावे घेऊन त्याच्यासमोर उभी राहते आणि सगळं सुनावते, असा प्रसंग तुमच्या मसुद्यात असावा असा माझा अंदाज आहे, कारण तो सगळ्यांच्याच असतो. काढा. "मी चालले" असं नवऱ्याला आधी सांगू नका, हे अशा बाईला समुपदेशक पहिल्या भेटीतच सांगतात. इतका विचार करणारी नायिका हे करणार नाही. शिवाय अशा घरात राहणाऱ्या बायकाही या कादंबऱ्या वाचतात, तेही मी विसरत नाही. समोरासमोरचा प्रसंग हवाच असेल तर तो तिच्या मर्जीविरुद्ध घडू द्या, किंवा चार माणसांत घडू द्या, जिथे तो सभ्य राहायला बांधील आहे आणि प्रत्येक सभ्य वाक्याचा खरा अर्थ फक्त तिला, मैत्रिणीला आणि वाचकाला कळतो.

मूल असेल तर मी सांगितलेलं बरंच बदलेल. मग ती नाहीशी होऊ शकत नाही, मुलाच्या ताब्याच्या निमित्ताने त्याची गाठ पडतच राहते, आणि मैत्रिणीची भूमिका पळवून नेण्याहून साक्ष देण्याची जास्त होते. मूल नसेल तर "आत्ताच का?" याचं उत्तर पहिल्या वीस पानांत द्या. कारण लहानसं असलं तरी चालेल, पण पहिल्यांदाच घडलेलं असावं.

पुनर्लेखन पहिल्या पानापासून सुरू करू नका. आधी पाच वर्षांपूर्वीच्या त्या चार ओळी लिहा, मग मैत्रिणीचं पहिलं कोरडं उत्तर, मग नवरा आणि मैत्रीण यांची भेट. ही तीन प्रकरणं उभी राहिली की मारहाणीचे प्रसंग पुन्हा वाचा आणि ज्यांच्याशिवाय चालतं ते काढून टाका. नवा मसुदा वेगळ्या चौघांना द्या, पण भेटीच्या प्रकरणावर त्यांना थांबवा आणि "आवडलं का?" असं न विचारता विचारा, "तुम्ही मैत्रिणीच्या जागी असता तर नवऱ्याला गुरुवारचं सांगितलं असतं का?" चौघांनीही "छे, कधीच नाही" म्हटलं तर नवऱ्याचं बोलणं अजून कच्चं आहे, ते प्रकरण पुन्हा लिहायला घ्या. दोघं जरी गप्प राहिले, तरी पुढचं पुस्तक लिहायला बसा.